तिकिटावर न आलेलं जहाज

पाळी सुटल्यावर फोर्टात गेलो होतो. फुटपाथवर जुनी तिकिटं विकणाऱ्यापुढं उकिडवा बसलो. त्यानं अमेरिकेचं एक सेंटचं हिरवं तिकीट काढून दाखवलं. त्यावर शिडांचं जहाज, मेफ्लॉवर. साल १६२० आणि १९२०. गंमत म्हणजे देशाचं नावच नाही! जणू जहाज छापलं की देश आलाच.

दोस्तहो, मी गोदीत राबणारा माणूस. जहाज दिसलं की माझा पहिला सवाल, माल काय? दुसरा, तो कुणाच्या पाठीवर? हेच दोन सवाल या तिकिटांना विचारा.

मेफ्लॉवर लागायच्या एकच वर्ष आधी, १६१९च्या ऑगस्टात, व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला दुसरं जहाज लागलं. नाव व्हाइट लायन. माल म्हणजे आफ्रिकेतनं धरलेली, पोर्तुगीज जहाजावरून लुटलेली वीसेक माणसं. ती दाणागोट्याच्या बदल्यात विकली. १९१९ साली या जहाजाला तीनशे वर्षं झाली. त्या वर्षी अमेरिकेच्या टपालखात्यानं महायुद्धातल्या विजयाचं तिकीट काढलं, याचं नाही. पुढच्याच वर्षी मेफ्लॉवरवाल्यांची मात्र तीन तिकिटं. एका जहाजाचा इतिहास झाला, दुसऱ्याचा नुसता माल.

त्याच्याही आधी, १८९३ साली, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी कोलंबसाची सोळा तिकिटं निघाली. दहा सेंटचं बघा. कोलंबस तिथल्या मूळनिवासींना राजाराणीपुढं हजर करतोय, बाजारातली जनावरं दाखवावी तसा. दोन डॉलरच्या तिकिटावर बेड्या घातलेला कोलंबस. बिच्चारा! याच माणसानं १४९५ साली पाचशेच्या आसपास मूळनिवासी गुलाम म्हणून स्पेनला धाडले. त्यातले दोनशेच्या आसपास वाटेतच मेले. कोलंबसाच्या बेडीची किंमत दोन डॉलर. त्यांच्या बेडीला सोळा तिकिटांत जागा नाही.

त्याच प्रदर्शनात फ्रेडरिक डग्लस आणि आयडा वेल्स यांनी पुस्तिका वाटली. सवाल सरळ होता, इथं काळा अमेरिकन का नाही? डग्लस आपल्या धंद्यातला. गुलाम असताना बाल्टिमोरच्या गोदीत जहाजांच्या फटी बुजवायचा. १८३८ साली पळाला, न्यू बेडफर्डला आला. तिथं गोरे कारागीर त्याच्या शेजारी काम करायला तयार नव्हते. हातात कसब असून त्यानं हमाली केली. ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

अमेरिकेची पहिली दोन तिकिटं १८४७ची, फ्रँकलिन आणि वॉशिंग्टन. दोघंही कधी ना कधी गुलामांचे मालक. पहिला काळा माणूस, बुकर टी. वॉशिंग्टन, तिकिटावर यायला १९४० साल उजाडलं. त्र्याण्णव वर्षं! डग्लस १९६७ला, हॅरिएट टबमन १९७८ला, वेल्स १९९०ला. आणि शिकागो जिथं उभं राहिलं तिथं पहिलं घर करून राहिलेला बाहेरचा माणूस, पॉइंट द्यू साब्ल, काळाच होता. त्याचं तिकीट १९८७ला.

काहीजण म्हणतील, आले ना शेवटी? मग रडता कशाला? आले, चांगलं झालं. त्यासाठी लोक लढले, फुकट कुणी दिलं नाही. पण चेहरा येतो, जहाज येत नाही. डग्लस येतो, त्याला विकत घेणारा हिशेब येत नाही. एक चेहरा छापला की खातं मिटलं, असं व्यवस्थेला वाटतं. आणि च्यायला, आपल्यालाही वाटायला लागतं, हा खरा धोका.

जोतिबा फसले नाहीत. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, कोलंबसाला नाही. वीस वर्षांनी अमेरिकेनं सोळा तिकिटं कोलंबसाला दिली. पुण्यात बसून अमेरिका कुणाला जास्त कळली होती, तुम्हीच ठरवा.

ते हिरवं तिकीट मी विकत घेतलं, वहीत चिकटवलं. शेजारी तेवढाच चौकोन आखून आत लिहिलं : व्हाइट लायन, १६१९. माल : माणसं.

तुमच्याही वहीत असा एक चौकोन आखा. टपालखात्याची वाट बघू नका.