पाटी पाहायची की प्रयोगशाळा?

बारावीची परीक्षा जवळ आली की मराठी मध्यमवर्गीय घरात एक ठरलेला संवाद झडतो. मुलाने अभियांत्रिकीचे वा वैद्यकीयचे नाव घेतले तर तो चटकन संपतो. मग प्रश्न उरतो तो कोणता क्लास आणि किती शुल्क, एवढाच. पण एखाद्या मुलाने किंवा मुलीने 'मला भौतिकशास्त्र शिकायचे आहे' असे म्हटले, की घरावर सुतकी शांतता पसरते. 'म्हणजे पुढे काय, मास्तर होणार?' गुरूला परब्रह्म मानणाऱ्या समाजात 'मास्तर' हा शब्द असा कुत्सितपणे उच्चारला जावा, यापरते मेकॉलेचे दुसरे यश ते कोणते!

मूल हट्टाला पेटलेच, तर वडीलधारी मंडळी हार मानतात आणि महाविद्यालयांची यादी करायला बसतात. ही यादी कशी तयार होते, हे पाहण्यासारखे असते. गेल्या वर्षीची कट-ऑफ काय होती, महाविद्यालय मुंबईत आहे की पुण्यात, ओळखीच्या कुणाचा मुलगा तिथे शिकला, ह्या तीन गोष्टींवर पोराच्या आयुष्याचा निर्णय होतो. तिथे भौतिकशास्त्र कोण शिकवते, त्यातले पूर्णवेळ किती आणि तासिका तत्त्वावर राबणारे किती, प्रयोगशाळेतील वर्णपटमापी चालू स्थितीत आहे की कपाटात धूळ खात पडला आहे, यांपैकी एकही प्रश्न कुणी विचारत नाही. लग्न जमवताना मुलाच्या सात पिढ्यांची चौकशी करणारा हा समाज महाविद्यालय निवडताना मात्र दारावरची पाटी वाचून माघारी फिरतो.

या देशात विज्ञानाची विद्यापीठे ज्यांनी उभारली, त्यांनी पाटीकडे पाहिले नव्हते. १९१४ साली सर आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्त्यात विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी केली. जनसंघाचे संस्थापक डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांचे ते वडील. सरकार दरबारी पैसा मागून मिळत नव्हता. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी आपली आयुष्यभराची कमाई विद्यापीठाच्या स्वाधीन केली आणि आपल्या देणगीतून निर्माण होणाऱ्या प्राध्यापकपदांवर भारतीयच नेमला जावा, अशी अट घातली. पारतंत्र्यात अशी अट घालायला छाती लागत होती. पालित अध्यासनासाठी आशुतोषांनी वित्त खात्यातील एका तरुण अधिकाऱ्याला हेरले. चंद्रशेखर वेंकट रामन त्याचे नाव. सरकारी नोकरीतील भरघोस पगार सोडून, जवळजवळ निम्म्या वेतनावर, हा मनुष्य १९१७ साली प्राध्यापक झाला. १९२८ साली साध्यासुध्या उपकरणांच्या बळावर त्याने जो शोध लावला, त्याला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच महाविद्यालयात आशुतोषांनी मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या दोन कोवळ्या अध्यापकांना नेमले. एक ढाक्याजवळच्या खेड्यातील किरकोळ दुकानदाराचा मुलगा. दोघांचीही पदव्युत्तर पदवी गणितातली. आधुनिक भौतिकशास्त्र ते स्वतः शिकत होते आणि शिकवत होते. जर्मन शिकून त्यांनी आइनस्टाइनच्या सापेक्षतेवरील निबंधांचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो १९२०मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्या वेळी त्या महाविद्यालयाची 'कट-ऑफ' काय होती, हे कुणाला ठाऊक आहे?

संघविचारांच्या वाचकाला आणखी एक नाव येथे आठवल्यावाचून राहणार नाही. संघाचे चौथे सरसंघचालक प्रा. राजेंद्रसिंह, म्हणजे सर्वांचे रज्जूभैया, प्रयाग विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या एम.एस्सी.च्या परीक्षेला सर रामन परीक्षक म्हणून आले होते आणि या विद्यार्थ्यावर ते प्रसन्न झाले होते, ही आठवण स्वयंसेवकांच्या पिढ्यांनी ऐकली आहे. डॉ. मुरली मनोहर जोशी हे रज्जूभैयांचेच विद्यार्थी, आणि तेही पुढे त्याच विभागात प्राध्यापक झाले. ज्यांना 'मास्तर' या शब्दाची लाज वाटते, त्यांनी ही दोन नावे एकदा उच्चारून पाहावीत.

आता आजच्या महाराष्ट्राकडे वळावे. अकरावी-बारावीत इंटिग्रेटेड नावाचा जो प्रकार राजरोस चालतो, त्यात विद्यार्थ्याचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि तो स्वतः दिवसभर खासगी क्लासच्या वातानुकूलित खोलीत. २०१८ साली राज्य शासनाने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. तरी हा धंदा थांबला नाही. राज्य मंडळाच्या भौतिकशास्त्राच्या शंभर गुणांपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते कसे दिले जातात, हे गावोगावच्या मुलांना विचारावे. जर्नल एकाने लिहायचे आणि चाळीस जणांनी उतरवायचे, निरीक्षणे आधी उत्तर पाहून मग भरायची! लंबकाचा दोलनकाल घड्याळ हाती न धरता बरोब्बर येतो, यासारखा चमत्कार आपल्या पुराणांतही नाही. ज्या मुलाला भौतिकशास्त्राचे पदवीधर व्हायचे आहे, त्याच्या शिक्षणाची पहिली दोन वर्षे अशी खोटी निरीक्षणे लिहिण्यात जातात, आणि विज्ञानाचा पाया तर खरे निरीक्षण हाच आहे.

या क्लासवाल्यांनी आणखी एक घात केला आहे. जेईई, नीट आणि सीईटी यांपलीकडे जग नाही, असे त्यांनी पालकांच्या मनावर ठसवले. वास्तविक २००६ साली पुण्यात आणि कोलकात्यात, आणि मग मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती, बेहरामपूर येथे 'आयसर' संस्था उभ्या राहिल्या, त्या मूलभूत विज्ञान शिकू पाहणाऱ्या मुलांसाठीच. बारावीनंतर पाच वर्षांत बीएस-एमएस, आणि पदवीच्या काळातच संशोधकाच्या प्रयोगशाळेत प्रवेश. भुवनेश्वरजवळचे 'नायसर' आणि मुंबईत कालिन्याचे मूलभूत विज्ञान केंद्र अणुऊर्जा विभागाच्या छायेखाली हेच करतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०११पासून पदवीचा अभ्यासक्रम सुरू केला. आयसरची स्वतंत्र चाचणी, नायसर आणि कालिन्यासाठी 'नेस्ट' ही परीक्षा. आणि त्यांचे अर्ज बारावीच्या निकालापूर्वीच भरायचे असतात. निकाल हाती आल्यावर यादी करायला बसणाऱ्या घरासाठी ही दारे केव्हाच बंद झालेली असतात. कित्येक हुशार मुले गुणांमुळे नव्हे, तर घरात कुणाला तारीखच ठाऊक नसल्यामुळे या संस्थांना मुकतात. क्लासच्या भिंतीवर ही तारीख का लावलेली नसते, याचे उत्तर अवघड नाही. या परीक्षेला बसलेल्या मुलाचा फोटो त्यांच्या जाहिरातीच्या कामाचा नसतो.

अर्थात आयसर म्हणजेच भौतिकशास्त्र, असे मानणे हेही पाटीपूजनच होय. जागा मोजक्या असतात. ज्याला तिथे प्रवेश मिळणार नाही, त्याने गावच्या अनुदानित महाविद्यालयाला नाक मुरडण्याचे कारण नाही; मात्र डोळे उघडे ठेवून दार ठोठवावे. बी.एस्सी.नंतर 'जॅम' परीक्षा देऊन आयआयटीमध्ये एम.एस्सी.ला जाता येते; त्या परीक्षेत महाविद्यालयाचे नाव विचारले जात नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा उपक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची वाट दाखवतो. पुण्यात राहणाऱ्या मुलाला तर 'आयुका', राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग एकाच परिसरात लाभतात. नारायणगावजवळच्या खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेनांची महादुर्बीण उभी आहे. किती पालकांनी आपल्या मुलाला राष्ट्रीय विज्ञानदिनी तेथे नेले असेल? शनिशिंगणापूरला मात्र दरवर्षी जाणे होते. दर्शनाला जाऊ नये असे कुणी म्हणणार नाही. वाट थोडी वाकडी करावी, इतकेच.

दुसऱ्या टोकाला, बारावी होताच अमेरिकेतील विद्यापीठांकडे अर्ज पाठवणारा एक वर्ग आहे. घर गहाण टाकून पदवीसाठी परदेशी जावे, असा त्याचा आग्रह. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले, हा दाखला त्यांच्या जिभेवर असतो. पण नारळीकर केंब्रिजला गेले ते १९५७मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाची पदवी घेऊन. महामना मालवीयजींच्या विद्यापीठात, वडील वि. वा. नारळीकरांसारख्या सापेक्षतेच्या अभ्यासकाच्या घरात घडून. आणि १९७२मध्ये ते परतले, पुढे १९८८मध्ये पुण्यात त्यांनी 'आयुका'ची धुरा घेतली. २०२५मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा श्रद्धांजलीचे लेख ढिगाने निघाले. त्यांच्या आयुष्याचा हा क्रम, आधी स्वदेशातील पाया, मग परदेशातील शिखर, आणि अखेर स्वदेशात उभारणी, किती जणांनी ध्यानात घेतला?

घरचा आहेरही येथे द्यायलाच हवा. कणाद ऋषींनी परमाणूचा विचार मांडला, हे व्यासपीठावरून अभिमानाने सांगणाऱ्यांची संख्या आपल्यात उदंड आहे. अभिमान रास्तच आहे. पण त्याच व्यासपीठावरील किती वक्त्यांची मुले परमाणूचा अभ्यास करायला गेली आणि किती संगणकाच्या नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला गेली, याचा हिशेब कुणी मांडत नाही. वैशेषिक दर्शनाची थोरवी भाषणातून सिद्ध होत नसते. शिक्षणसम्राटांच्या साखर-संस्कृतीवर टीका करणे सोपे आहे. राष्ट्रीय विचारांच्या म्हणवणाऱ्या शिक्षणसंस्थांनीही आपल्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेवर गेल्या दहा वर्षांत किती खर्च केला आणि प्रवेशद्वाराच्या कमानीवर किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत.

प्रश्न केवळ एखाद्या घरातल्या मुलाचा नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या 'लायगो-इंडिया' प्रकल्पाला मंजुरी दिली. गुरुत्वलहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात होणार आहे. ज्योतिर्लिंगाच्या आणि नामदेवांच्या या भूमीवर विश्वाच्या गर्भातील कंप मोजले जातील. पण ते मोजणार कोण? शेजारच्या लातूरचा 'पॅटर्न' मुलांना वैद्यकीयच्या रांगेत उभा करतो. हिंगोली, परभणी, नांदेडच्या शेतकऱ्याची मुलगी उद्या म्हणाली की मला या वेधशाळेत काम करायचे आहे, तर तिने अर्ज कुठे करावा? स्वामी रामानंद तीर्थांचे नाव धारण करणाऱ्या नांदेडच्या विद्यापीठाने तिला ते सांगितले पाहिजे. आपल्या कक्षेतील कोणत्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्राचे पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, किती पदे रिक्त आहेत आणि किती प्रयोगशाळांत सर्व प्रयोग प्रत्यक्ष करवून घेतले जातात, याची यादी विद्यापीठाने प्रवेश सुरू होण्यापूर्वी जाहीर करावी. आणि राज्यातील इतर विद्यापीठांनीही आपापल्या याद्या तिच्यासोबत लावाव्यात.