दूरशिक्षण कोणासाठीं?

दूरशिक्षण वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. प्रारंभींच हें सांगून टाकणें बरें. कारण नवें कांहीं निघालें कीं प्राध्यापकमंडळींस आपल्या खुर्चीची धास्ती वाटूं लागते, हा आक्षेप आमच्या वर्गावर नेहमींचाच आहे. लंडन विद्यापीठानें १८५८ सालीं बाहेरच्या विद्यार्थ्यांस परीक्षेचें दार उघडून दिलें. आणि १८५७ सालीं स्थापन झालेलें आमचें मुंबई विद्यापीठ तर लंडनच्याच नमुन्यावर, केवळ परीक्षा घेणारी संस्था म्हणून जन्मास आलें. दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं टपालानें पाठ धाडण्यास आरंभ केला. १९८२ सालीं हैदराबादेस देशांतील पहिलें मुक्त विद्यापीठ निघालें, आणि १९८९ सालीं नाशकास यशवंतराव चव्हाणांच्या नांवाचें. दिवसभर कचेरींत राबून किंवा पोरांबाळांचें करून जीं माणसें या वाटेनें पदवीधर झालीं, त्यांच्या कष्टांविषयीं आम्हांस आदरच आहे.

आमचें भांडण निराळें आहे. ज्यास महाविद्यालयाच्या दारापर्यंत येतां येत नाहीं, त्याच्या घरीं शिक्षण पोंचविणें ही एक गोष्ट. आणि जो एस्.टी.चे धक्के खात दाराशीं येऊन उभा राहिला, त्यास आंत शिकविणारा नाहीं म्हणून यंत्रापुढें बसविणें ही अगदीं दुसरी गोष्ट. सरकारी धोरणांत या दोहोंची बेमालूम सरमिसळ चालली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१६ सालीं असा नियम केला कीं, एका सत्रांतील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी योजनेंतील पाठांवरून पुरे करण्याची मुभा विद्यापीठांनीं द्यावी. २०२१ सालीं ही मर्यादा ४० टक्के झाली. विद्यार्थ्यांस निवडीचें स्वातंत्र्य मिळावें, असें यावर समर्थन करण्यांत येतें. पण जेथें तर्कशास्त्राचा प्राध्यापक निवृत्त झाल्यावर ती जागा पुन्हां भरलीच गेली नाहीं, तेथें विद्यार्थ्यानें निवड करावी ती कशांतून?

कंत्राटी अध्यापकांचें प्रमाण एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असूं नये, असें आयोगाच्याच २०१८ च्या नियमांत लिहिलें होतें. महाराष्ट्रांत तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकांकडे पाहून तें कितपत पाळलें गेलें, याचा पडताळा वाचकांनीं आपल्या गांवच्या महाविद्यालयांत जाऊन घ्यावा. इकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें उच्च शिक्षणांतील प्रवेशाचें प्रमाण २०१८ सालच्या २६.३ टक्क्यांवरून २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचा संकल्प सोडला आहे, आणि त्याच्या साधनांत दूरशिक्षणासही स्थान दिलें आहे. हेतु उत्तम आहे. परंतु विद्यार्थी दुप्पट आणि शिक्षक होते तेही कमी, हें त्रैराशिक कोणत्या शाळेंत शिकवितात तें आम्हांस ठाऊक नाहीं.

सर्वांत बोलकी आहे ती आयोगाच्या २०२० च्या नियमांतील एक यादी. दूरस्थ पद्धतीनें जे विषय शिकवूं नयेत ते तींत दिले आहेत : वैद्यक, शुश्रूषा, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, वास्तुकला, शेतकी, कायदा. प्रेत फाडून पाहिल्यावांचून वैद्य होत नाहीं, हें समजूं शकतें. परंतु कायदा? त्यास ना प्रयोगशाळा लागते ना शेत. मग समोरासमोर बसण्याची अट कां? याचें कारण उघड आहे. कायदा म्हणजे वाद, पुरावा, उलटतपासणी. आणि ती एकट्यानें शिकतां येत नाहीं. मग इतिहासांत दुसरें काय असतें? बखरींतल्या मजकुरावर ‘हें कशावरून?’ असें विचारणारा कोणी समोर नसेल, तर इतिहासाची निव्वळ सनावळी उरते. कवितेचा भलताच अर्थ लावणाऱ्या मुलास वर्गांत चौघे अडवितात, आणि क्वचित् त्याचाच अर्थ खरा ठरतो! या विषयांस गुरुमुखाची गरज नाहीं, हें कोणी व केव्हां ठरविलें?

नामांकित अध्यापकाचें व्याख्यान आतां नांदेडासही ऐकतां येतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. तें अवश्य ऐकावें. पण घराण्यांतून प्रथमच महाविद्यालयांत आलेल्या मुलीस बहुतांशीं इंग्रजींतील हें व्याख्यान ऐकून जी शंका येईल, ती तिनें विचारावी कोणास? घरीं सांगणारा कोणी नाहीं. महाविद्यालयांत होता, त्याची जागा रिकामी आहे. सप्टेंबर २०२२ मध्यें आयोगानें जाहीर केलें कीं, मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी ही नेहमींच्या पदवीशीं समकक्ष मानावी. तेंही आम्हांस मान्य आहे. तथापि पदव्या समान झाल्या म्हणून शिक्षण समान झालें, असें मानण्याइतके आमचे वाचक भाबडे नाहींत. आपल्या मुलासाठीं महाविद्यालय शोधतांना ते पहिला प्रश्न करतात तो तेथें शिकवितें कोण, हाच. जो प्रश्न आपण आपल्या मुलासाठीं करतों, तो परक्याच्या मुलीसाठीं करावयास आपली जीभ कां अडखळावी?

पैसा कोठून आणावा, असें आम्हांस विचारण्यांत येईल. आमची पहिली मागणी तर बिनखर्चाची आहे. ज्या महाविद्यालयांत एखाद्या विषयाचें मंजूर पद रिकामें असेल, तेथें त्या विषयापुरती ४० टक्क्यांची सवलत बंद राहील, एवढें एक कलम नियमांत घालावें; आणि रिकाम्या पदांची यादी दरवर्षीं प्रवेश सुरू होण्यापूर्वीं महाविद्यालयाच्या फलकावर, शुल्काच्या तक्त्याशेजारीं, लावण्याची सक्ती करावी.