'झेपणार नाही' हे कोण ठरवणार?



जूनमध्ये शाळा उघडली की आठवीच्या तुकड्यांच्या याद्या लागतात. अ तुकडी 'सेमी'ची, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. ब आणि क साध्या. याद्या मार्कांवरून लागतात असं शाळा सांगते. वस्तीत काम करताना मला मात्र वेगळं दिसतं. काठावरचा मुलगा असला की "धडपडेल, जमेल", आणि तेवढ्याच मार्कांची मुलगी असली की "झेपणार नाही".

मातृभाषेतून शिकावं, हे आपलं मत आहे आणि राहील. पण अकरावी-बारावीचं विज्ञान आपल्याकडे इंग्रजीतूनच शिकवलं जातं. ते जोवर बदलत नाही, तोवर आठवीत सेमी नाकारणं म्हणजे नर्सिंगपासून इंजिनिअरिंगपर्यंतची वाट तेराव्या वर्षीच अवघड करून ठेवणं आहे. तेही मुलीला न विचारता.

हा विचार जुनाच आहे. मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र बरं, असं एकेकाळी उघड बोललं जाई. 1960च्या दशकात हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे नकोत असं स्पष्ट सांगितलं. कोठारी आयोगाने (1964-66) ते उचलून धरलं आणि पहिली दहा वर्षं गणित-विज्ञान सर्वांना सक्तीचं असावं अशी शिफारस केली. आज पुस्तक सर्वांना एकच आहे, पण तुकडीची भिंत उभी आहे.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका मुलीला गणितात 68 मार्क होते. सेमीची अट 70ची. 66 मार्कांचा एक मुलगा मात्र त्या यादीत होता. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. शाळेत विचारल्यावर उत्तर मिळालं, "घरी इंग्रजी कोण घेणार हिचं?" आई म्हणाली, "ते माझं मी बघते. तुम्ही वर्गात तर बसवा." तीन खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाचा खाडा. शेवटी आम्ही अर्ज लिहिला, पोच घेतली आणि नकाराचं कारण लेखी मागितलं. कारण कुणी लिहून दिलं नाही. "सहामाहीपर्यंत बघू" म्हणून तिला वर्गात घेतलं. सहामाहीत गणितात 41 मिळाले. विज्ञानातले शब्द तिला अजून जड जातात. पण ती त्याच वर्गात आहे आणि आता नववीत गेली आहे.

शाळेचीही अडचण असते. दहावीच्या निकालाची टक्केवारी राखायची असते, एका वर्गात साठ-सत्तर मुलं असतात. पण हा भार नेहमी त्याच मुलींवर का पडतो, ज्यांच्या आईला भांडायला यायचं तर मजुरी बुडते?

म्हणून गटांनी हे काम आईवर एकटीवर सोडू नये. तुकडीचा निकष काय, हे एप्रिलमध्येच विचारावं. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, सोबत दोघी-तिघींनी जावं. पालक-शिक्षक संघात विषय काढावा. नाहीच जमलं तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे तक्रार करावी. अनुदानित शाळेकडे यादी कशी लागली हे 2005च्या माहितीच्या अधिकाराखाली मागता येतं. आणि प्रवेश मिळाला की काम संपत नाही. संध्याकाळी तासभर बसायला जागा आणि शिकवायला कुणीतरी, हेही उभं करावं लागतं. तो तास भांडी घासण्यात जाणार नाही, हे घरच्यांना पटवावं लागतं.

कदाचित एखादीला खरंच झेपणार नाही. मग ती स्वतः तुकडी बदलून घेईल. नापास व्हायची संधीसुद्धा मुलांना मिळते, मुलींना ती आधीच नाकारली जाते. आपल्या भागातल्या शाळांत याद्या कशा लागतात ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यावर सविस्तर बोलू.