इंजेक्शन झालं, जखमेचं काय?

कुत्रा चावलेला माणूस दवाखान्यातून परतला की शेजारीपाजारी एकच विचारतात, "इंजेक्शन घेतलंस ना?" हो म्हटलं की विषय मिटतो. रेबीजची ही धास्ती अनाठायी नाही. लक्षणं दिसू लागल्यावर रोगी जवळपास कधीच वाचत नाही. शिवाय २०२४ या एका वर्षात देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. पण रेबीजची लस विषाणूला रोखते. लाळेतून जखमेत शिरलेल्या जिवाणूंचं ती काहीच वाकडं करू शकत नाही.

कुत्र्याचा सुळा आत खोल जातो आणि वर दिसतं ते इवलंसं भोक. दिवसभरात त्यावर खपली धरते, माणूस निर्धास्त होतो आणि आत जंतू वाढत राहतात. हाताचा चावा त्यात जास्त वाईट, कारण तिथे कातडीखाली लगेच स्नायुबंध आणि सांधे असतात. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चिघळलेल्या श्वानदंशांपैकी निम्म्या जखमांत पाश्चुरेला हा जिवाणू सापडला. तो बहुधा चोवीस तासांतच रंग दाखवतो. हात सुजतो, लाल होतो, ठणकू लागतो. एका परीने हे बरंच, कारण दुखलं की माणूस डॉक्टरकडे जातो.

कॅप्नोसायटोफागा कॅनिमॉर्सस हा दुसरा जिवाणू मात्र असा गाजावाजा करत नाही. धडधाकट कुत्र्यांच्या तोंडातही तो असतो, त्यामुळे "आमच्या मोत्याचं लसीकरण पूर्ण झालंय" या दिलाशाला इथे अर्थ नाही. जखम साधी दिसते. ताप, उलट्या, अंगदुखी सुरू होते ती बऱ्याचदा तीन ते पाच दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनीही. तोवर चावा विसरलेला असतो. रक्तात हा जंतू भिनला तर रक्तदाब कोसळतो, बोटं काळीनिळी पडतात. प्रयोगशाळेतही तो सावकाश वाढतो, म्हणून अहवालाची वाट पाहत बसणं परवडत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात एका माणसाला याच संसर्गामुळे दोन्ही हात आणि पाय गमवावे लागले. त्याला कुत्रा चावलाही नव्हता, नुसता चाटला होता.

असं क्वचितच घडतं, हे खरं. कुत्रा पाळणाऱ्यांनी उद्यापासून त्याला दारात बांधून ठेवायची गरज नाही. पण ज्यांची पाणथरी काढलेली आहे, यकृत दारूने खंगलेलं आहे, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू आहेत, त्यांना हा धोका कितीतरी जास्त. सिकलसेलच्या अनेक रुग्णांची पाणथरी हळूहळू निकामी होत जाते. गडचिरोली, नंदुरबारच्या पाड्यांवर हा आजार घरोघर माहीत आहे आणि कुत्रीही दारोदार आहेत.

म्हणूनच श्वानदंशाच्या केस पेपरवर लसीच्या तारखांखाली आणखी दोन ओळी हव्यात: "पाणथरी, यकृत, मधुमेह, चालू औषधं" आणि "जखम पुन्हा कधी दाखवायची." छापायला खर्च काहीच नाही. खोल जखम, हाताचा किंवा चेहऱ्याचा चावा आणि वरच्या यादीतला रुग्ण असेल, तर प्रतिजैविक आधीच सुरू करायचं का, हा निर्णय डॉक्टरने तिथल्या तिथे घ्यायला हवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही तेव्हाच चौकशी व्हावी.

घरचं काम त्याहून सोपं, तरी बिघडतं ते तिथेच. जखमेत हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू असं काय काय भरून लोक येतात, आणि नर्सला आधी ते खरवडून काढावं लागतं. खरं तर नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली, तर विषाणू आणि जिवाणू दोघांनाही चाप बसतो. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरला पहिलं वाक्य सांगायचं ते कुत्रा चावल्याचं, जखम भरून आलेली असली तरी.