कानांनी पाहिलेला सामना

दोस्तांनो, डोळे मिटून क्रिकेटचा सामना पाहता येईल का? तुम्ही म्हणाल, "बाई, काहीतरीच काय!" पण आजोबांना विचारा. त्यांनी असे कितीतरी सामने पाहिलेत, कानांनी!

माझे वडील सांगतात, घरोघरी टीव्ही नव्हते तेव्हा कसोटी सामना असला की आमच्या भिवंडीत चहाच्या टपरीवर ही गर्दी! यंत्रमागाच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही. म्हणून पाळी संपली की कामगार थेट टपरीवर. मध्ये एक ट्रान्झिस्टर आणि त्यातून येणारं मराठी समालोचन.

मराठी समालोचनातलं मोठं नाव म्हणजे पुण्याचे बाळ ज. पंडित. जन्म १९२९चा. रणजी करंडक स्पर्धेत ते महाराष्ट्राकडून खेळले. पण लोकांच्या मनात राहिले ते आकाशवाणीवरच्या आवाजामुळे आणि क्रिकेटवरच्या पुस्तकांमुळे. सुनील गावसकरांचं 'सनी डेज' त्यांनीच मराठीत आणलं. २०१५ साली ते गेले.

समालोचन म्हणजे नुसती बडबड नव्हे बरं का! चेंडू कुठे पडला, फलंदाज पुढे आला की मागे गेला, चेंडू कोणी अडवला, धावा किती झाल्या, हे सगळं पुढचा चेंडू पडायच्या आत सांगायचं. त्यासाठी शब्द हवेत नेमके आणि सुटसुटीत. 'लेग बिफोर विकेट' म्हणेपर्यंत फलंदाज तंबूत पोचेल! मराठीत एकच शब्द, पायचीत. कुस्तीतला 'चीत' क्रिकेटच्या मैदानात आला. तसेच धावचीत, त्रिफळाचीत. आणि सहा चेंडूंचं षटक. वर्तमानपत्रांनी आणि पंडितांसारख्या समालोचकांनी हे शब्द घराघरांत पोचवले.

आता आमच्या शाळेतली गंमत सांगते. खेळाच्या तासाला कबड्डी चालली होती. एक मुलगा पायाला प्लास्टर म्हणून पायरीवर हिरमुसून बसलेला. त्याच्या घरी तेलुगू बोलतात, वर्गात मराठीत उत्तर द्यायला तो बिचकतो. मी त्याच्या हातात डस्टर दिलं. म्हटलं, "हा तुझा माईक. कर समालोचन!"

आधी नुसतं, "हा गेला, तो पडला." मी म्हटलं, "अरे, तुझी आजी घरी बसून ऐकतेय असं समज. तिला कसं दिसणार?"

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "आजी, आपला गडी एकटाच चढाईला गेलाय. समोर चौघं. डावीकडच्यानं पाय धरला... आजी, तो सरपटतोय... हात रेषेला लागला!"

सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. दोन-तीन शब्द चुकले, पण कोणी हसलं नाही. उलट खेळ संपल्यावर सगळे त्याच्याभोवती जमले. "ए, माझी पकड सांगितलीस का रे?"

या रविवारी गल्लीत सामना असेल, तेव्हा तुम्हीही एकदा करून पाहा. ऐकणाऱ्यानं मात्र डोळे घट्ट मिटायचे हं!

तुमच्या बाई