बाटलीवरचे घराणे

टस्कनीतील कियांती टेकड्यांवरचा ब्रोलिओचा गड ११४१ पासून रिकासोली घराण्याकडे आहे. याच घराण्यातील बेत्तिनो रिकासोली १८६१ मध्ये इटलीचे पंतप्रधान झाले. फ्लॉरेन्सच्या अंतिनोरी घराण्याचा वाइनचा व्यवसाय तर १३८५ पासूनचा, सव्वीस पिढ्यांचा. असल्या पिढीजात मालकीला आपण जहागिरी म्हणतो. बाटलीवर तिला ‘कौटुंबिक परंपरा’ म्हणतात.

त्या मळ्यांत राबणारीही कुटुंबेच होती. ‘मेझाद्रिया’ म्हणजे अर्धेलीची पद्धत: जमीन मालकाची, कष्ट कुळाच्या अख्ख्या घराचे, पीक निम्मे-निम्मे. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. तोवर अनेक कुळांनी शहराची वाट धरली होती. त्यांच्या पिढ्या कोणी मोजल्या नाहीत.

आज तोडणीसाठी येणाऱ्या मजुरांत परदेशी पुष्कळ. त्यांना अनेक ठिकाणी पुरवतो तो ‘कापोराले’. ऊसतोडीचा मुकादम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. २०१५ मध्ये पुलिया प्रांतात द्राक्षमळ्यात काम करताना एक मजूर स्त्री मरण पावली, तेव्हा कोठे २०१६ चा कायदा आला आणि मुकादमाबरोबर मालकही गुन्हेगार ठरू लागला. तरीही जून २०२४ मध्ये लातिना भागातील एका शेतावर यंत्रात हात तुटलेल्या पंजाबी मजुराला इस्पितळात न नेता त्याच्या घराजवळ टाकून देण्यात आले. तो वाचला नाही. कायदा आहे, शेतावर जाणारे निरीक्षक वाढवा, एवढीच तेथील कामगार संघटनांची साधी मागणी आहे.