रापणीत मासळी घटली, हे सिद्ध कसं करायचं?

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरचे रापणकर कित्येक वर्षं एकच सांगतायत: पर्ससीन नौका किनाऱ्याजवळचे थवे उचलून नेतात, रापणीत काही उरत नाही. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६च्या निर्णयाने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी वाद मिटलेला नाही. नौकामालक म्हणतात, मासाच कमी झालाय. खरं कोण, हे ठरवायला आकडे लागतात आणि अडचण तिथेच आहे.

रापणीत होडीतून जाळं अर्धगोलाकार सोडतात. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. माणसं ते ओढत जाळं वाळूवर आणतात आणि बांगडा, तारली जे मिळेल त्याचे वाटे पडतात.

देशातल्या सागरी मासळीचा अंदाज कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्था (सीएमएफआरआय) काढते. रोज प्रत्येक होडी मोजणं अशक्य, म्हणून मासळी उतरवण्याची काही केंद्रं आणि महिन्यातले काही दिवस नमुना म्हणून निवडतात. पाहणी करणारा पहिल्या दिवशी दुपारी १२ ते ६ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२ केंद्रावर थांबतो. मधल्या रात्रीची माहिती विचारून घेतो. बंदरात रोज नौका लागतात, तिथे ही पद्धत चांगली चालते.

रापण मात्र रोज लागत नाही. थवा दिसला, समुद्र शांत असला, माणसं जमली तरच. निवडलेल्या दिवशी जाळं पडलंच नाही तर नोंद शून्य आणि दुसऱ्याच दिवशी टोपल्या भरलेल्या! इतक्या चढउतारात मोजक्या दिवसांचा नमुना डळमळीतच राहणार.

त्यात एकूण किलो पुरेसे नाहीत. किती वेळा जाळं टाकलं, किती जणांनी किती वेळ ओढलं, हा भाजक हवा. १० ओढींत १०० किलो आणि ४० ओढींत १०० किलो यात रापणकराचं अख्खं पोट आहे. रिकामी आलेली ओढ तर कुणीच लिहून ठेवत नाही; विकायलाच काही नसतं. पण घट दाखवणारा पुरावा तोच.

वाटे करताना रापण संघात हिशेब होतोच. मत्स्यव्यवसाय विभागाने त्यालाच एक साधी वही जोडावी: तारीख, जागा, ओढी, माणसं, मासळी. लिहिणाऱ्याला मानधन द्यावं, फुकटची अपेक्षा नको. सुरुवात नारळी पौर्णिमेनंतरच्या हंगामापासून करता येईल आणि पर्ससीन नौकांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तरच तुलना होईल.